भूल द्यायच्या आधी

अभिनंदनचा फोन आला तेव्हा क्षमा बेळगावच्या दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मेणाच्या वड्या कापत होती. कुणाच्या तरी गालाच्या आतल्या अस्तराचा कणभर तुकडा त्या मेणात बसवलेला असे. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे तिचं काम. भाऊ कामाच्या वेळेला कधी फोन करत नसे. तिने हात पुसले.

"आक्का, आईचं पोट लई दुखायलंय. चिकोडीला आणलंय. बेंबीपाशी ती गाठ हुती न्हवं, तिच्यात आतडं अडकलंय म्हणत्यात. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन."

"कधीपासून दुखतंय?"

"काल सांजपास्नं. कुणाला सांगितलंच न्हाय तिनं. उलट्या सुरू झाल्या तवा कळलं. आप्पांनी सही केलीया. तू ये बघ."

"निघतेच. घाबरू नको. भूल देणाऱ्या डॉक्टर बघून गेल्या का?"

"व्हय, आलत्या. आईचं तोंड उघडंना, म्हणून जरा तरास झाला त्यास्नी. पर काय अडत न्हाय म्हटल्या. झोपंचं औषध दिलं की जबडा आपोआप सैल पडतोय."

क्षमा पर्स उचलत होती. तो हात तसाच राहिला.

"तोंड उघडत नाही म्हणजे काय?"

"अगं, दाढ सुजलीया तिची. दोन बोटं बी जात न्हाईत."

"दाढ सुजलीय असं कोण म्हणालं?"

"आईच म्हटली की."

"वरून गाल सुजलेला दिसतोय?"

"न्हाय. तसं दिसत न्हाय काय."

क्षमा खाली बसली. न उघडणाऱ्या तोंडांवरच तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सुपारी खाणाऱ्यांची तोंडं. गालाच्या आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. ते झिजतात, शरीर जुने मोडून टाकतं, नवे घालतं. म्हणून गाल मऊ राहतो, ताणला की ताणतो. सुपारी चघळत राहिलं की तिच्यातलं तांबं गालात मुरतं आणि लायसिल ऑक्सिडेज नावाच्या एका विकराला जोर चढतो. ते विकर कोलॅजनच्या धाग्यात किंचितसा बदल करतं. बदललेले धागे शेजारच्या धाग्यांना चिकटतात ते कायमचे. मग शरीराला ते मोडता येत नाहीत. जुन्यांवर नवे साठत जातात, गाल आतून चामड्यासारखा होतो आणि तोंडाची फट वर्षागणिक बारीक होत जाते. हा बदल किती झालाय ते मोजणं, एवढंच क्षमा इतकी वर्षं करत होती. लोकांच्या तुकड्यांवर.

दाढेच्या दुखण्यानं आखडलेला जबडा भुलीत सैल पडतो, ही गोष्ट खरी होती. तिथं स्नायू आखडलेला असतो. पण धागेच जोडले गेले असतील तर स्नायूचा काही संबंध उरत नाही. भुलीचं कितीही औषध दिलं तरी ते तोंड तेवढंच उघडणार. आणि त्या औषधानं आईचा स्वतःचा श्वास मात्र थांबलेला असणार. नळी घालायला वाट नाही, पोट उलटीनं भरलेलं.

तिला दिवाळीतली आई आठवली. लाडू पुढे केला तर "गोड नको वाटतंय आता" म्हणाली होती. पाट्यावर वाटलेली तिखटजाळ चटणी करणारी बाई, आता तिच्या हातची आमटी फिक्की लागायची. सगळे म्हणायचे, वय झालं. पण या आजारात आधी तिखट सोसेनासं होतं, मग लाडूएवढं तोंडही उघडत नाही.

"अभी, आईला आत नेलं का?"

"न्हेत्यात आता. कपडे बदलून झाले."

"थांबव त्यांना."

"आं?"

"थांबव म्हणते ना! ती दाढ नाहीये. भूल दिली तर तिचा श्वास अडकेल. आधी डॉक्टरीणबाईंना फोन दे."

पलीकडे आवाज वाढले. तवनाप्पांचा, म्हणजे वडिलांचा आवाज तिने ओळखला. "कोण, क्षमी? ती दातांचं बघती. पोटाचं काय कळतंय तिला? हिकडं माणूस मरायला टेकलंय आन् हिचं काय मधीच?"

"आक्का, आप्पा चिडायल्यात. डॉक्टर आत हात धुवायल्यात. मी कुणाला थांबवू?"

"बरं, ऐक. आई कुठंय? स्ट्रेचरवर? तिच्याजवळ जा. तुझं बोट तिच्या गालाच्या आत घाल."

"काय?"

"दात आणि गाल यांच्या मधून. बोट आत सरकव आणि काय लागतं ते मला सांग. चटकन."

अभिनंदन पस्तिशीचा. चिकोडीत त्याचं बी-बियाणांचं दुकान, दोन पोरांचा बाप. पण आईच्या तोंडात बोट घालायचं म्हटल्यावर त्याचा पाय उचलेना. क्षमाला फोनमधून नुसती चाकांची घरघर आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आईचा आवाज, ओठ मिटूनच बोलल्यासारखा. "काय रं? सोड की... आरं सोड, येड लागलं काय तुला?"

"आई, आक्का सांगतीया. जरा."

चाकांची घरघर थांबली.

"आक्का." त्याचा आवाज बदलला होता. "गालात दोऱ्या लागत्यात गं."

"कशा?"

"उभ्या. ताणून बांधल्यागत. आन् गाल मऊ न्हायच. ढोलाचं कातडं असतंय तसा. ह्ये काय हाय?"

"आत जा," क्षमा म्हणाली. "दार ढकल आणि आत जा. कुणी शिव्या दिल्या तरी चालेल."

चंपाबाईंना, म्हणजे क्षमाच्या आईला, गावात मान होता. त्यांचा सख्खा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला, मावा खाऊन खाऊन. त्यानंतर या बाईनं निपाणीकडच्या त्या गावात दोन्ही पानटपऱ्यांसमोर बायका बसवल्या आणि गुटख्याच्या लोंबत्या माळा उतरवायला लावल्या. नवऱ्याच्या मागं लागून शेतातली तंबाखू बंद करवली, ऊस लावला. बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, एखादा तरुण गाल फुगवून आला तर पाटील असो की पुजाऱ्याचा पोरगा, त्या सरळ बोट दाखवत. "थुंकून ये जा." अशा बाईच्या तोंडाची कुणी शंका घ्यायची हे सुचणंच शक्य नव्हतं. जेवल्यावर सुपारीचं खांड सगळेच खात. पाहुण्यापुढं तबकात तीच ठेवत. ती काय तंबाखू होती?

भूल देणाऱ्या डॉ. प्रियदर्शनी फोनवर आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता आणि तो साहजिकच होता. "मॅडम, पेशंटचं आतडं काळं पडायला लागलंय. मला बोलायला वेळ नाही."

"फक्त एक सांगा. तिची जीभ बाहेर येते का?"

"दाढेच्या सुजेत कुणाची येते?"

"गालात उभे पट्टे लागतायत. माझ्या भावानं बोट घालून बघितलंय. मला हा सुपारीचा आजार वाटतो. भुलीत हे तोंड सैल पडणार नाही."

डॉक्टरीणबाई फोन स्पीकरवर ठेवून स्ट्रेचरकडे निघाल्या. फोन चालूच होता. त्यांच्या चपलांचा आवाज, मग त्यांचा प्रश्न क्षमाला ऐकू आला. "मावशी, सुपारी खाता?"

"न्हाय," चंपाबाई म्हणाल्या. मग, "जेवल्यावर कवातरी. येक खांड."

आजूबाजूला कोण कोण उभं असेल ते क्षमाला फोनमधूनही दिसत होतं. आप्पा, अभी, गावाकडून गाडीत बसून आलेल्या बायका. ती म्हणाली, "अभी, आईचे कपडे तुझ्याकडे दिलेत ना? तिच्या कमरेची पिशवी त्यात असेल. डॉक्टरांच्या समोर उघड."

"आक्का, नगं."

"उघड."

पिशवीची नाडी सुटल्याचा आवाज काही फोनमधून येत नाही. पण अभिनंदनचा "आई गं" एवढा शब्द आला. पिशवी सुपारीनं गच्च भरलेली होती. फोडलेली, कातरलेली, भाजलेली. काही खांडं चघळून ओलीच परत ठेवलेली.

"क्षमे," आई म्हणाली. फोन लांब होता, तरी ते स्पष्ट ऐकू आलं. "तुला येवढं शिकवलं ते माझी पिशवी चारचौघांत उघडायला?"

डॉ. प्रियदर्शनी आता टॉर्च लावून बघत होत्या. त्यांचं बोलणं तुटक येत होतं. ओठ आतून पांढरे. जीभ दातांपर्यंतच. घसा दिसत नाही. मग त्या फोनजवळ आल्या. आवाजात राग उरला नव्हता.

"हिला मी इथं झोपवणार नाही."

"कमरेतून भूल?"

"रक्तदाब खाली आलाय, झेपणार नाही. नाकातून दुर्बीण घालून जागेपणी नळी टाकावी लागेल. ती दुर्बीण इथं नाही."

"इथे बेळगावात आमच्या रुग्णालयात आहे. मी सगळं तयार ठेवते."

मागून सर्जनचा चढलेला आवाज आला. आतडं थांबत नसतं, वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? डॉ. प्रियदर्शनी त्यांना म्हणाल्या, "सर, इथं झालं तर आपण दोघं असू. गाडी बोलवा. मी सोबत जाते."

क्षमा पळत निघाली. दंतमहाविद्यालयापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता तिनं एरवी कधी लक्षातही घेतला नव्हता. आज तो संपेना. भूल विभागाचे डॉ. ओमकार एका ऑपरेशनमधून नुकते बाहेर आले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुर्बीण धुवायला टाकलीय. काढायला सांगतो. आणि नाक-कान-घशाच्या सर्जनला बोलावून घ्या. नळी गेली नाही तर गळ्यातून वाट करावी लागेल, ते ब्लेड घेऊनच उभे राहू देत."

त्यानंतर फक्त वाट बघणं होतं. अभिनंदनचे संदेश येत होते. संकेश्वर सोडलं. हत्तरगीजवळ रस्त्याचं काम, गाडी अडकली. मग बराच वेळ काहीच नाही. क्षमा आपत्कालीन विभागाच्या दारात उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाकडे कान देत होती. आपण बरोबर आहोत का, ही शंका आता पहिल्यांदाच तिच्या मनात आली. दाढच असली तर? फोनवरून ऐकलेल्या चार शब्दांवर आपण आईचं ऑपरेशन थांबवलं, अडकलेलं आतडं घेऊन तिला महामार्गावर पाठवलं. वाटेत आतडं फुटलं तर आप्पा जन्मात आपलं तोंड बघणार नाहीत. आणि ते चुकीचंही नसेल.

गाडी आली. चंपाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. नाकातून नळी, हाताला सलाईन. डॉ. प्रियदर्शनी शेजारी वाकून नाडी धरून होत्या. आईनं डोळे उघडले, लेकीला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

ऑपरेशनच्या खोलीत क्षमाला हिरवे कपडे चढवून उशाशी उभं राहू दिलं, कारण पेशंट जागी राहणार होती आणि कुणीतरी तिच्याशी बोलणं गरजेचं होतं. गळ्यावर शाईनं एक छोटी रेघ आखलेली होती. ब्लेड धरलेला सर्जन बाजूला उभा राहिला.

"मावशी," डॉ. ओमकार म्हणाले, "झोपायचं नाही. नाकातून एक बारीक नळी जाईल. खोकला येईल, गुदमरल्यासारखं होईल. डोकं हलवायचं नाही. मी सांगेन तेव्हा लांब श्वास घ्यायचा."

नाकात, घशात बधिर करणारा फवारा मारला. दुर्बीण आत सरकली. पडद्यावर गुलाबी भिंती दिसल्या आणि एकाएकी सगळं लाल झालं. नाकातून रक्त आलं होतं. डॉ. ओमकारांनी दुर्बीण मागे घेतली. चंपाबाईंचा सगळा देह उसळला.

"ऑक्सिजन उतरतोय," डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या.

सर्जननं ब्लेडवरचं वेष्टण काढलं.

"थांबा. दुसऱ्या नाकपुडीतून एकदा."

क्षमा आईच्या कानाशी वाकली. "आई, हलू नको गं. थोडंच राहिलंय." आईचे दोन्ही हात पलंगाच्या कडा धरून होते. पुन्हा दुर्बीण गेली. पडदा अंधारा, मग पाणीदार, मग काहीतरी हललं. खोकल्याची उबळ आली. आईचा एक हात कडा सोडून हवेत चाचपडला आणि क्षमाच्या मनगटावर बसला. तो इतका घट्ट होता की नखं रुतली.

"लांब श्वास घ्या मावशी. घ्या... घ्या."

चंपाबाईंनी श्वास घेतला. पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या बाजूला झाल्या आणि त्यांच्यापलीकडे पांढऱ्या कड्या कड्यांचा एक बोगदा उघडला.

"आत गेलो," डॉ. ओमकार म्हणाले. "द्या आता झोपेचं."

मनगटावरची पकड हळूहळू सुटली.

आतड्याचा वीतभर तुकडा कापावा लागला. बाकीचं वाचलं. सर्जननं बाहेर येऊन ते सांगितलं तेव्हा तवनाप्पा उभे होते. ते खाली बसले आणि पागोट्याच्या शेमल्यानं तोंड पुसत राहिले. बऱ्याच वेळानं क्षमाला म्हणाले, "मी जेवून उठलो की मग ती जेवायची. आत, चुलीपाशी. भाकरी ताकात भिजवून. कोण बघणार?" ते तिला म्हणत होते की स्वतःला, कळत नव्हतं.

डॉ. प्रियदर्शनी परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. क्षमा शेजारी जाऊन बसली.

"औषध सिरिंजमध्ये भरून तयार होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा भाऊ दार ढकलून आत आला तेव्हा माझ्या हातातच होती ती." मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि चहा कुठं मिळेल ते विचारलं.

चंपाबाई शुद्धीवर आल्या, बोलू लागल्या, नर्सशी, सुनेशी, अभिनंदनशी. क्षमाशी बोलल्या नाहीत. क्षमानं एकदा पलंगाशी बसून सांगून बघितलं. "आई, तंबाखू नसली तरी सुपारीच पुरते. तिच्यानं गालातलं प्रथिन बदलतं. धाग्याला धागा जोडला जातो आणि मग तो सुटत नाही. तुझा काही गुन्हा नाही गं यात."

"मी माळा उतरवल्या," आई छताकडे बघत म्हणाली. "पोरांस्नी थुंकाय लावलं. आता गाव म्हणंल, हिच्याच गालात हुतं."

"म्हणू दे की."

"तुला काय जातंय म्हणायला. तू हितं ऱ्हातीस."

दातांच्या मागे गालावर एक पांढरट चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला घेतला. तो क्षमाच्याच प्रयोगशाळेत आला. तिनं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली नाही, सहकाऱ्याला दिली आणि गच्चीवर जाऊन उभी राहिली. सहकारी वर आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. बघत राहावं लागणार होतं. सुपारी पूर्ण बंद, गालात इंजेक्शनं, आणि रोज दातांमध्ये लाकडी पट्ट्या घालून तोंड ताणायचं. पूर्वीसारखं ते उघडणार नाही, हे क्षमाला कुणी सांगायची गरज नव्हती.

आई गावी गेली. फोन केला तर अभिनंदनची बायको उचलायची. "आई काय करते?" "बसल्यात." "पट्ट्या लावते का?" "लावत्यात की. दार लावून घेत्यात." इंजेक्शनाला अभिनंदन घेऊन यायचा, आई खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, सुई टोचून घ्यायची आणि निघून जायची. बस्तीत जायचं त्यांनी सोडलं होतं. बायका घरी आल्या तर पोट दुखतंय म्हणून आतच राहायच्या. क्षमाला वाटायचं, जीव वाचवला खरा, पण आई काही परत मिळाली नाही.

ऊस तुटून गेला होता, उन्हं तापायला लागली होती, तेव्हा एका सकाळी प्रयोगशाळेच्या शिपायानं येऊन सांगितलं, खाली तुमच्या आई आल्यात. क्षमा जिना उतरून आली. अभिनंदन नव्हता. बसनं आलेल्या दिसत होत्या, पायांवर धूळ होती. चंपाबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे डोक्यावरून पदर ओढून बाळाबाई बसली होती. बाळाबाई त्यांच्या गल्लीतली, विडी वळणारी, क्षमाहून थोडीच मोठी.

"इंजेक्शनची तारीख आज नाही आई," क्षमा म्हणाली.

"माझं न्हाय." आईनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी बस्तीत सांगितलं काल. सगळ्यांम्होरं. तोंड उघडून दावलं, किती उघडतंय ते. म्हटलं, बघा, ह्ये सुपारीनं झालंय, तंबाखूनं न्हाय. कोण हसलं, कोण न्हाय हसलं. रातच्याला ही आली घरला, मागच्या परड्याच्या दारानं." तिनं बाळाबाईच्या पाठीवर हात ठेवला. "मिरची सोसंना म्हणती वरीसभर झालं. नवऱ्याला ठावं न्हाय. हिचं बघ आधी."

बाळाबाई मान खाली घालून बसली होती.

"मी आलेय न्हवं संगं?" चंपाबाई तिला म्हणाल्या. "उघड. जेवढं उघडंल तेवढं."

क्षमा तिच्यासमोर उकिडवी बसली. बाळाबाईनं पदर बाजूला केला आणि तोंड उघडायला सुरुवात केली.